माळावर खड्डे खणण्याआधी हे वाचा

प्रति,
नाशिक जिल्ह्यातली समस्त वृक्षारोपण मंडळं, कंपन्यांचे सीएसआरवाले, कॉलेजांचे एनएसएसवाले, आणि गायरानाचा ठराव करून देणारे सरपंच व ग्रामसेवक

सप्रेम नमस्कार.

मे संपत आला की आपल्या सगळ्यांची कशी धावपळ उडते ते मला माहितीये, जेसीबीवाल्याला सांगून ठेवायचं, बॅनर छापायला टाकायचा, नर्सरीतून रोपं उचलायची, प्रमुख पाहुण्यांची तारीख घ्यायची, आणि या सगळ्यात शेवटी विषय निघतो तो जागेचा. मग गाडी निघते ती पूर्वेलाच. सिन्नर-येवल्याकडे नाहीतर नांदगाव-मालेगावच्या अंगाला वळलं की दोन्ही बाजूंना माळ लागतो, झाड नाही, घर नाही, मे महिन्यात गवतसुद्धा करपून पिवळं पडलेलं, मग कोणालाही वाटणारच की अरे केवढी जागा फुकट पडलीये. परवा आमच्या बाजूच्या एका माळावर अशाच फक्कीच्या रेघा मारलेल्या दिसल्या. कुठल्या मंडळाने मारल्या ते सांगत नाही, माणसं भली आहेत, पदरचे पैसे घालून टँकर लावणारी आहेत. मी विचारलं इथेच का हो, तर म्हणाले, "सर, इथे आहे काय? कुसळं आणि साप. दोन-तीन वर्षांत जंगल करून दाखवतो बघा." आता भर उन्हात उभं राहून यावर काय वाद घालणार, म्हणून हे पत्र. लांबणार आहे, आधीच सांगतो.

"इथे आहे काय" याचं उत्तर द्यायला मला एका पतंगाची मदत घ्यावी लागतेय. दिव्यावर झेपावतात त्या जातीतला पतंग, येवल्याच्या संक्रांतीतला नव्हे. आणि तोही आपल्याकडचा नाही, ऑस्ट्रेलियातला आहे, तिथल्या आग्नेय भागात व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी कॅनबेराच्या आसपास जे गवताळ माळ शिल्लक आहेत तिथला. गोल्डन सन मॉथ म्हणतात त्याला, शास्त्रीय नाव सिनेमॉन प्लाना. एवढ्या लांबचा कशाला आणला असं म्हणाल, तर त्याच्यावर तिकडे बरीच वर्षं अभ्यास झालाय, त्याला कायद्याचं संरक्षण मिळालंय, त्याच्या नावाने सरकारी आश्वासनं देऊन झाली आणि ती मोडूनही झाली. थोडक्यात आपण आत्ता जे करायला निघालोय त्याचा निकाल तिकडे आधीच लागलाय, आयता अनुभव मिळतोय तर घ्यायला काय हरकत आहे.

तर हा पतंग दिसायला बारकासा, पंख पसरून मोजला तर ३१ ते ३४ मिलिमीटर. नर मळकट तपकिरी. मादीचे पुढचे पंख राखाडी पण मागचे भडक केशरी, कडेला काळे ठिपके. पतंग असून दिवसा उडतो, आणि मिशांची टोकं फुलपाखरासारखी गाठदार, त्यामुळे नवखा माणूस फुलपाखरू समजूनच सोडून देईल. उडणारही कधी, तर कडक ऊन पाहिजे, वारा पडलेला पाहिजे, साधारण सकाळी दहा ते दुपारी दोन एवढीच वेळ, ढग आला की दुकान बंद. मोसम म्हणाल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, आपला हिवाळा तो त्यांचा उन्हाळा, आणि एकेका माळावर त्यातलेही थोडेच आठवडे.

बरं, या पतंगाला तोंड नाही. म्हणजे काही खाता-पिता येईल असं तोंडच नाही. मध नाही, पाणी नाही, काही नाही. अळी असताना अंगात जे साठवलं त्याच्या जिवावर एक ते चार दिवस काढायचे, तेवढ्यात जोडीदार गाठायचा, अंडी घालायची आणि संपलं. येवल्याच्या विणकरांना सांगितलं तर त्यांना फार नवल वाटणार नाही म्हणा, पैठणीचं रेशीम ज्या किड्याच्या कोषातून निघतं त्याचा पतंगही बाहेर आल्यावर काही खात नाही, जे काय खायचं ते तुतीच्या पानांवर आधीच खाऊन झालेलं असतं.

मादी तर उडायच्या फंदातच फारशी पडत नाही. ती गवताच्या दोन ठोंबांच्या मधे, उघड्या जमिनीवर बसून राहते. नर मीटरभर उंचीवरून घिरट्या घालत येतो, तो दिसला की ही मागचे केशरी पंख उघडून दाखवते, इकडे ये म्हणून. आता या ठिकाणी जरा थांबा, कारण सगळं इथेच अडकलंय. तिला उघडी जमीन लागते. गवत पाहिजेच, पण ठोंबाठोंबाने वाढलेलं, मधेमधे मोकळं सोडलेलं, कमरेएवढं माजलेलं असेल तर ती तिथे कोणाला दिसणार. आणि आपण काय करतो, मुरूम दिसला, गवताच्या मधे मोकळी जमीन दिसली की म्हणतो बघा कशी उजाड झालीये, काहीतरी लावलं पाहिजे. त्या मोकळ्या टिचभर जागेवरच तिच्या संसाराचं सगळं जमतं किंवा फिसकटतं.

मादीकडे दोनशेपर्यंत अंडी असतात, ती गवताच्या बुडाशी, काड्या आणि माती यांच्या फटीत घालते. गवत पण कुठलंही चालत नाही, तिकडचं वालबी ग्रास म्हणून एक स्थानिक गवत आहे ते मुख्य. साधारण तीन आठवड्यांनी अळी बाहेर येते आणि तडक जमिनीत शिरते, मग तिचं सगळं आयुष्य मुळांपाशी, मुळं खात, अंधारात, दोन-तीन वर्षं असा अंदाज आहे. वाढ पुरी झाली की तिथेच कोष, वरपर्यंत येणारा एक बारीक बोगदा, आणि एका उन्हाच्या दिवशी पतंग बाहेर. मागे राहतं ते कोषाचं रिकामं टरफल, जमिनीतून अर्धवट डोकं वर काढलेलं. तिथले सर्वे करणारे लोक गुडघे टेकून ही टरफलंसुद्धा शोधतात, कारण पतंग दिसेलच याची खात्री नाही, टरफल निदान बसून असतं.

आता हिशोब करा. दोन वर्षं धरली तरी सातशे तीस दिवस जमिनीच्या खाली आणि वर फार तर चार दिवस. त्या चार दिवसांतही ढग नसलेल्या दुपारी. तुम्ही जागा बघायला जाता सकाळी नाष्ट्याच्या आधी, ऊन व्हायच्या आत परत यायचं म्हणून, नाहीतर कोणीतरी ड्रोन उडवतो आणि त्या फोटोवर पेनने चौकोन मारतात. असल्या पाहणीत कॅनबेरातल्या माळावरसुद्धा काही नाही असाच रिपोर्ट आला असता. आणि जेसीबी जेव्हा फूट-दोन फूट माती उलटी करतो तेव्हा वरच्या चार दिवसांचा प्रश्न नसतोच, खालच्या दोन-तीन वर्षांची सगळी पिढी एका दुपारी उघड्यावर येते, कावळे-बगळे मागे चालतातच.

अजून एक. नर उडतो खरा पण लांब जात नाही, आपला माळ सोडून शंभर मीटरच्या पलीकडे सहसा नाही. दोन वस्त्यांच्या मधे दोनशे मीटरचं अंतर पडलं की तिकडचे अभ्यासक त्या दोन्ही वेगळ्या पडल्या असं धरतात. दोनशे मीटर म्हणजे काय हो, आपल्या द्वारका सर्कलवर सिग्नलला गाड्यांची रांग लागते तेवढं. मधे एक कॉलनी, एक रुंद रस्ता, एक दाट झाडांचा पट्टा आला तरी पुरे. एका बाजूचे पतंग काही कारणाने संपले तर दुसऱ्या बाजूचे येऊन ती जागा भरून काढणार नाहीत. त्यामुळे "माळाच्या मधेच तेवढी झाडं लावतो, बाकी माळ तसाच ठेवतो" हे जे बोलतात ना, ते ऐकायला बरं वाटतं, पण अशा किड्याच्या दृष्टीने माळाचे दोन तुकडे झाले.

तिकडे हा पतंग दुर्मिळ का झाला, तर कारणं अगदी ओळखीची. सपाट, मोकळी, झाडं नसलेली जमीन, मग आधी तीच नांगरली, तिथेच परदेशी चारा-गवत पेरून खतं टाकली, आणि शहरं वाढली तीही तिथेच. तिथला मूळचा समशीतोष्ण गवताळ प्रदेश आज एक टक्क्याहूनही कमी शिल्लक आहे. २००२ साली या पतंगाला त्यांच्या केंद्रीय कायद्याखाली अतिसंकटग्रस्त ठरवलं. कॅनबेरात बार्टन म्हणून सरकारी कचेऱ्यांचा भाग आहे, संसदेपासून जवळच, तिथे यॉर्क पार्क नावाचा गवताचा एक छोटासा तुकडा या पतंगासाठी राखून ठेवलाय. ऑफिसांच्या मधोमध, करोडोंची जागा, आणि तिथे फक्त गवत. आपल्याकडे कॉलेज रोडला असा प्लॉट सोडला असता तर लोकांनी काय काय म्हटलं असतं ते डोळ्यासमोर आणा.

पण सगळं गोड नाही, मेलबर्नची गोष्ट मुद्दाम सांगतो. शहर पश्चिमेला वाढवायचं होतं, मधे हे माळ येत होते. मग ठरलं की इथले माळ बिल्डरांना द्यायचे आणि त्याच्या बदल्यात शहराबाहेर १५,००० हेक्टरचं गवताळ अभयारण्य करायचं, सरकार २०२० पर्यंत ती सगळी जमीन विकत घेणार. २०२० उजाडलं, त्यांच्याच महालेखापालांनी तपासलं, तर साधारण दहा टक्के जमीन घेऊन झाली होती. दरम्यान जे माळ द्यायचे होते त्यांच्यावर घरं उभी राहत गेली, त्या कामाला उशीर झाला नाही. भरपाई पुढच्या तारखेची आणि नुकसान रोखीत, हे कुठल्याही देशात सारखंच दिसतंय.

आपल्याकडे हे उलट्या अंगाने होतं. २०२५ च्या शेवटी तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले, उतरायलाच पाहिजे होतं, मी स्वतः त्या बाजूचा आहे. पण कुठलंही झाड तोडलं की लगेच बोललं जातं एकाच्या बदल्यात अमुक झाडं लावू, आणि ती "लावू" कुठे, तर जिथे आत्ता झाडं नाहीत तिथे. म्हणजे गोदाकाठचं वडाचं झाड गेलं त्याची भरपाई येवल्याच्या माळाने द्यायची. त्या माळाला कोणी विचारलंय? त्याच्या बाजूने घोषणा द्यायला कोणी येत नाही, कारण गवताला कोणी मिठी मारत नाही.

राज्यभरचे आकडे आठवत असतील, २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी रोपांचं लक्ष्य होतं. एवढी रोपं लावायची म्हटली की जागा कुठून आणणार, मग सरकारी कागदावर पडीक, ओसाड असा शिक्का असलेलं जे काही सापडेल त्यावर खड्डे. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात झुडपी आणि गवताळ जमिनी वर्षानुवर्षं पडीक म्हणूनच रंगवल्या गेल्यात, तो शिक्का तिथूनच आला. जमीन पडीक ठरली की तिचं काहीही करता येतं, सोलर, एमआयडीसी, नाहीतर वृक्षारोपण.

आणि हे माळ म्हणजे तोडलेलं जंगल आहे हा समज तर फारच पक्का बसलाय. कोणीतरी कधीतरी झाडं तोडली, आता आपण ती परत आणतोय, असं भाषणात बोलायला छान वाटतं. जुन्या मराठी वाङ्मयात झाडाझुडपांचे जे उल्लेख येतात ते गोळा करून अभ्यासकांनी २०२५ साली दाखवून दिलंय की पश्चिम महाराष्ट्रातली ही विरळ झाडांची गवताळ रानं निदान ७५० वर्षं तरी अशीच आहेत, त्या उल्लेखांमधली बरीचशी झाडं माळरानावरचीच निघाली. आपला जिल्हा तर बघा ना, इगतपुरी-त्र्यंबकला पाऊस हजारो मिलिमीटर आणि सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या सिन्नर-येवला-नांदगावला पाचशे-सहाशे. खाली काळा खडक, त्यावर मुरूम, वर वीतभर माती. तिथे निसर्गाने जे बसवलंय ते बरोबर बसवलंय, कुसळी, पवन्या, मारवेल, रोशा ही गवतं, अधूनमधून एखादी बोर, हिवर, बाभूळ, ओढ्याच्या कडेला पळस. एवढंच पेलतं त्या जमिनीला.

तुम्ही म्हणाल ऑस्ट्रेलियाचा पतंग ऑस्ट्रेलियात, इथे काय त्याचं. बरोबर. आता इथलं सांगतो.

पहिला पाऊस होऊन गवत वीतभर झालं की आमच्या माळावर दिवसाढवळ्या एक काळा पतंग बसलेला दिसतो, पोटाला पिवळे पट्टे, पंखांवर काचेसारख्या आरपार खिडक्या, बघणाऱ्याला गांधीलमाशीच वाटते आणि तेच त्याला पाहिजे असतं. जोडीने गवताच्या काडीला लटकलेले असतात तासन्‌तास, उडायची घाई नाही. ॲमाटा त्याच्या प्रजातीचं (जीनसचं) नाव. दुसरा युटेथाइझा, पांढुरका, अंगभर लाल-काळे टिपके, पावलापावलाला गवतातून भुर्रकन उठतो आणि चार हातांवर जाऊन पुन्हा गवतात बसतो. त्याच्या अळ्या खुळखुळ्याच्या शेंगा पोखरतात. खुळखुळ्यात विषारी द्रव्यं असतात, ती अळी अंगात साठवते आणि पुढे पतंग झाल्यावरही ती अंगात राहतात, म्हणून तर एवढे भडक रंग घेऊन बिनधास्त दिवसा फिरतो, एकदा तोंडात घेतला की पक्षी परत नाव घेत नाही. आता खुळखुळा काय कोणी लावत नाही, तो माळावर आपोआप येतो, आणि तुमच्या खड्ड्यांच्या रांगा पडल्या की आधी तोच तण म्हणून उपटला जातो.

बाभळीला काड्यांची छोटी मोळी लटकलेली सगळ्यांनी बघितली असेल, पोरं तोडून खेळतात. त्या मोळीत पतंगाची अळी असते, स्वतः काड्या तोडून रेशमाने बांधलेलं घर, जाईल तिथे सोबत घेऊन जाते. त्यातल्या मादीला पंखच फुटत नाहीत, ती जन्मभर त्या मोळीतच, नर उडत येतो, अंडीही मोळीतच. परत तीच गोष्ट बघा, मादी जागची हलत नाही. अशा जातींना "दुसरीकडे जातील की" हे लागू पडत नाही, त्यांचं दुसरीकडे जाणं म्हणजे अळी चालेल किंवा लहानपणी धाग्यावर वाऱ्याने वाहून जाईल तेवढंच.

रात्रीचं तर विचारूच नका. पतंगांच्या भारतात दहा हजारांहून जास्त जाती आहेत आणि फुलपाखरं चौदाशेच्या आत-बाहेर, तरी राज्य फुलपाखरू आपल्याला आहे, २०१५ पासून ब्लू मॉरमॉन, पतंगाला कोण विचारतो. शेतकऱ्याला दोष देत नाही मी. २०१८ ला अमेरिकन लष्करी अळी देशात आली आणि मक्याचे पोंगेच्या पोंगे तिने खाल्ले, तेव्हापासून येवला-मालेगावच्या माणसाला अळी म्हटलं की फवारणीच आठवते, टोमॅटोवाल्यांचं तर वेगळंच रडगाणं. पण पिकावर पडणाऱ्या जाती त्या मानाने थोड्याच, बाकीच्या हजारो आपलं आपलं झाडपाला खाऊन राहतात आणि त्यांच्यावर बाकीचं रान जगतं. रातवा रात्रभर पतंगच टिपतो. वटवाघळं पतंग खातात. चंडोल, डोंबारी, धाविक ही सगळी पाखरं जमिनीवर, उघड्यावर अंडी घालतात आणि पिल्लांना किडे-अळ्या भरवतात. थंडीत भोवत्या हे शिकारी पक्षी येतात लांबून, गवतावरून झोके घेत, तेही नाकतोड्यांवर ताव मारायला. या पक्ष्यांना झाडाखाली घरटं करा सांगून चालत नाही, झाड आलं की त्यावर शिकारी बसायला जागा झाली.

येवला तालुक्यात ममदापूरला काळवीट आहेत म्हणून २०१४ साली साधारण ५४ चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र झालं, जिल्ह्याच्या बाहेरून लोक बघायला येतात. काळवीट मोकळ्यावर जगतं, लांबचं दिसलं पाहिजे आणि सुसाट पळता आलं पाहिजे. म्हणजे एका बाजूला गवतावर काळवीट बघायचं आणि शेजारच्या गावात त्याच गवतावर खड्डे घ्यायचे, हे आपलं चाललंय.

आता त्या ऑस्ट्रेलियाच्या पतंगाचे दोन धडे राहिले, तेवढे सांगून मग मागण्यांकडे येतो.

एक म्हणजे चराई. तिथे असं आढळलंय की बेताने मेंढ्या चरल्या किंवा गवत कापलं तर पतंगाला ते सोसतं, उलट गवत बुटकं राहून मधली जागा मोकळी राहते. नांगर मात्र सोसत नाही, खत सोसत नाही, सावली सोसत नाही. आपल्याकडे प्लांटेशन झालं की पहिलं काम म्हणजे तारेचं कुंपण आणि मेंढपाळाला हाकलणं, जणू काही माळ त्यानेच बिघडवला. चराई अति झाली तर वाटोळं होतं हे कोणीही धनगर सांगेल, तो मूर्ख नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या जो बेताने चारत आला त्याला बाहेर काढून आत ग्लिरिसिडिया लावायचा, ज्याला गुरं सहजासहजी तोंड लावत नाहीत, आणि मग दुष्काळात सरकारने चारा छावण्या काढायच्या. २०१९ च्या छावण्या विसरलात का?

दुसरा धडा जास्त महत्त्वाचा. २०२१ मध्ये या पतंगाचा दर्जा अतिसंकटग्रस्तवरून खाली, असुरक्षित या वर्गात आणला. वाचून वाटेल वा, संख्या वाढली. तसं नाही, तो दुर्मिळ आहे हे कळल्यावर लोक नीट शोधायला लागले, योग्य महिन्यात, योग्य वेळेला, आणि मग तो नव्या नव्या जागी सापडत गेला. काही ठिकाणी तर चिलीमधून आलेल्या एका उपद्रवी गवताच्या मुळांवरसुद्धा. आता तिथे पंचाईत अशी की ज्या तणाचा नायनाट करायचा तेच काही ठिकाणी या पतंगाचं घर. सांगायचं हे की शोधलं तेव्हा कळलं, आणि कळेपर्यंत तो माळ तिथे शिल्लक होता म्हणून शोधता तरी आलं.

तर मागण्या. फार नाहीत.

ज्या माळावर आत्ता गवत आहे तिथे जेसीबी घालू नका, ना खड्ड्यांसाठी ना सलग समतल चरांसाठी. पाणी मुरवायचं म्हणून चर काढता ते समजतं, पण वर्षानुवर्षं बसलेली गवताची मुळं पाणीच मुरवत असतात आणि मातीही धरून ठेवतात, ती उपटून चर काढला की पुढच्या पावसात त्या भरावावर पहिलं उगवतं ते काँग्रेस गवत. कार्बनचं म्हणाल तर माळाचा बराचसा कार्बन जमिनीखाली मुळांत आणि मातीत असतो, तो उकरून वर झाडं लावणं हा कुठला हिशोब. वणव्याचंही बघा, माळाला काडी लावणारे आपल्याच गावातले असतात, त्यावर ग्रामपंचायतीने जरा कडक व्हावं.

झाडं लावायचीच आहेत ना, लावा की, जागा मीच सांगतो. गावठाण, शाळेची आवारं, रुंदीकरणात बोडके झालेले रस्ते, दारणा-कादवा-गोदावरीचे काठ, शेताचे बांध, पेठ-सुरगाणा-त्र्यंबककडे जिथे खरोखरच जंगल होतं आणि तुटलं ते डोंगर. तिथे पाऊसही आहे, तिथल्या लोकांना विचारून तिथलीच झाडं लावा, निलगिरी-सुबाभूळ नको. नाशिक शहरातच एवढी गरज आहे की उन्हाळ्यात स्कूटर लावायला सावली मिळत नाही. पूर्वेकडे माळावर काही करायचंच असेल तर आहेत त्या बोरी-बाभळी राखा, मारवेल-पवन्याचं बी गोळा करा, काँग्रेस गवत उपटायला पोरं आणा, तेवढ्यात तुमचा अख्खा एनएसएस कॅम्प निघेल.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींना वेगळं सांगतो, गायरान कोणाला देताना ठरावात "पडीक" लिहू नका, "गवताळ कुरण" लिहा. दोन शब्दांचा फरक आहे पण पुढे कागद तोच बोलतो. आणि ठरावाच्या आधी जे मेंढ्या-गुरं चारतात त्यांना ग्रामसभेत बोलवा, त्यांना माहिती असतं कुठल्या अंगाला कुठलं गवत येतं आणि कधी.

आणि जागा बघायचीच असेल तर वर्षातून एकदा मे महिन्यात सकाळी नको. जुलैत एकदा, सप्टेंबरात गवत फुलोऱ्यावर असताना एकदा, आणि एकदा रात्री. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह करतात, २०१२ पासून चालू आहे, त्याच्या आसपासच्या अमावस्येला या. लागतं काय, एक पांढरी चादर, एक प्रखर बल्ब, दोन बांबू आणि दोरी. चादर-बांबू मी आणतो. जनरेटर तुमच्याकडे आहेच, उद्घाटनाच्या माइकसाठी दरवर्षी आणता तो. पावसाने झोडपलं तर दुसऱ्या दिवशी बसू. ज्यांनी फक्की मारलीये त्या मंडळाने तर नक्की या, तोवर तेवढा जेसीबी पुढे ढकला, ॲडव्हान्स दिला असेल तर गावात शाळेमागच्या नाल्यातला गाळ काढायचाच आहे, तिथे वापरून घ्या, मी हेडमास्तरांशी बोलून ठेवतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
येवला तालुक्यातला एक शाळामास्तर